पावतीवर सात, हातात किती?

या महिन्याच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एफडीचीच आहेत. साहजिक आहे म्हणा, मार्च जवळ आला की बँकेकडून टीडीएस कापल्याचा मेसेज येतो आणि मग वर्षभर कपाटात पडलेल्या पावत्यांची आठवण होते. सगळ्यांना उत्तरं द्यायला जागा नाही, म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही. आकडे सगळे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, त्यात कलमांचे नंबर बदलतात, त्यामुळे मी कलमं फारशी लिहीतच नाही, आपल्याला हिशोबाशी मतलब.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६७. पेन्शन वर्षाला ४ लाख २० हजार. रिटायर झाल्यावर मिळालेले २५ लाख एकाच बँकेत ७ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी ठेवले, व्याज दर ३ महिन्यांनी खात्यात येतं. बँक दरवर्षी टॅक्स कापून घेते. टॅक्स भरून झालाच आहे तर रिटर्न कशाला भरायचं, म्हणून दोन वर्षं भरलेलं नाही. आता शेजारचे म्हणतात नोटीस येईल. खरं का? (सातारा)

बाई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका की बँकेने कापला तो टॅक्स. तो टीडीएस. बँकेला तुमचं पेन्शन किती, दुसऱ्या बँकेत काय आहे, वय सोडून बाकी काहीच माहीत नसतं. तिला फक्त एवढंच सांगितलंय की सीनियर सिटिझनचं त्या बँकेतलं वर्षाचं व्याज १ लाखाच्या वर गेलं (इतरांचं ५० हजारांच्या वर) की १० टक्के काप आणि सरकारकडे भर. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. बस. खरा टॅक्स किती हे त्यानंतर तुम्ही रिटर्न भरता तेव्हा ठरतं.

आता तुमचाच हिशोब मांडू. व्याज १ लाख ७५ हजार, बँकेने कापले १७,५००. पेन्शन धरून एकूण ५ लाख ९५ हजार. नव्या करपद्धतीत (दर कमी, सवलतीही कमी) पेन्शनवर ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन मिळते, उरले ५ लाख २० हजार. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, वरच्या १ लाख २० हजारांवर ५ टक्के म्हणजे ६ हजार, आणि उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यामुळे तेही रिबेटमध्ये माफ. टॅक्स शून्य! जुन्या पद्धतीने केलं तरी बघा, ५० हजार स्टँडर्ड डिडक्शन आणि सीनियर सिटिझनला ठेवींच्या व्याजावर मिळणारी ५० हजारांची सूट जाऊन उरतात ४ लाख ९५ हजार, ५ लाखांच्या आत, तिथेही शून्य. म्हणजे दरवर्षी साडेसतरा हजार रुपये तुम्ही सरकारला बिनव्याजी देऊन ठेवताय आणि परत मागायला जात नाही.

नोटीसचं म्हणाल तर टॅक्स शून्य असला तरी एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर असल्यामुळे रिटर्न भरणं तुम्हाला बंधनकारकच आहे. या वर्षाचं ३१ जुलै २०२६ च्या आत भरा. मागच्या दोन वर्षांची मुदत गेलीय, उशिराचं रिटर्नही आता भरता येत नाही. पण रिफंडसाठी उशीर माफ करा असा अर्ज आयकर खात्याकडे करता येतो, त्या आकारणी वर्षाच्या (म्हणजे उत्पन्नाच्या पुढच्या आर्थिक वर्षाच्या) अखेरीपासून ५ वर्षांपर्यंत. कारण मात्र पटेल असं द्यावं लागतं, आणि हे काम स्वतः न करता सीएकडून करून घ्या, त्याची फी जाऊन सुद्धा बरेच पैसे हातात येतील.

आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जाऊन १५एच भरून द्या (नव्या कायद्यात नंबर बदलला तरी फॉर्म तोच, काउंटरवर 'टीडीएस कापू नका'चा फॉर्म म्हटलं की देतात). हा दरवर्षी द्यावा लागतो. मी ३१ वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो, दर फेब्रुवारीत कोणीतरी येऊन भांडायचं की मागच्या वर्षी दिला होता ना फॉर्म, मग परत का कापलं. मागच्या वर्षीचा मागच्या वर्षीसोबत संपला हो! आणि ठेवी दोन बँकांत असतील तर दोन्हीकडे वेगवेगळा द्यायचा. दिल्यावर पोच घ्या, सही-शिक्क्याची.

जाता जाता, २५ लाख एकाच बँकेत का? ठेव विमा एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच असतो आणि त्यात मुद्दल-व्याज दोन्ही आलं. सगळ्या शाखा मिळून ५ लाख, शाखेमागे नव्हे. मोठ्या सरकारी बँकेत असतील तर मी घाबरवत नाही, पण सहकारी बँकेत असतील तर पावती संपेल तशी वाटणी करा. आणि पतसंस्थेच्या ठेवीला तर हा विमा नाहीच.

प्रश्न : मी आयटीत आहे, ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. एफडीवर बँकेने १० टक्के टीडीएस कापला, रिटर्नमध्ये मी फक्त पगार दाखवला. आता एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवरच्या माझ्या वर्षाच्या उत्पन्नाच्या यादीत) व्याज दिसतंय आणि पोर्टलवरून मेल आलाय. (पुणे)

वरच्या बाईंचं उलटं तुमचं. त्यांचे जास्त कापले, तुमचे कमी. तुमचा दर सेस (टॅक्सवरचा जादा कर) धरून ३१.२ टक्के, बँकेने कापले १०, म्हणजे व्याजाच्या २१.२ टक्के अजून तुमच्याकडून येणं आहे. व्याज २ लाख असेल तर ४२,४००. शिवाय टीडीएस वजा जाऊन १० हजारांच्या वर टॅक्स निघत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा) भरायला हवा होता, तो नाही भरला म्हणून महिन्याला १ टक्क्याने व्याज. (६० च्या पुढच्यांना, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, ॲडव्हान्स टॅक्सची कटकट नाही.) मेलकडे दुर्लक्ष करू नका, अपडेटेड रिटर्न (मुदतीनंतर जादा टॅक्ससह भरायचं दुरुस्त रिटर्न) भरून मोकळे व्हा, जितका उशीर तितका जादा टॅक्स. बँकेला तुमचा पॅन माहीत आहे, पॅनवरून सगळ्या बँकांचं व्याज एआयएसमध्ये एका खाली एक येऊन बसतं, ५० हजारांच्या आतलं ज्याच्यावर टीडीएस कापलाच नाही ते सुद्धा. 'टीडीएस नाही म्हणजे टॅक्स नाही' ही समजूत पण तितकीच चुकीची.

प्रश्न : आमच्याकडे एका बँकेच्या पत्रकात १० वर्षांच्या ठेवीवर '१०.०२ टक्के उत्पन्न' असं मोठ्या अक्षरात छापलंय आणि खाली बारीक अक्षरात व्याजदर ७ टक्के. नक्की काय मिळणार? माझं दुकान आहे, टॅक्स ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जातो. (कोल्हापूर)

हा प्रश्न मला फार आवडला, कारण पत्रकात खोटं काहीच नाहीये आणि तरी वाचणारा फसतो.

कागद-पेन घ्या. १ लाख रुपये ७ टक्क्यांनी, दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवत १० वर्षं. १० वर्षांनी हातात येतात २,००,१६०. जुन्या लोकांचं दामदुप्पट. आता बँक काय करते, वरचे १,००,१६० घेते, त्याला सरळ १० ने भागते, आले वर्षाला १०,०१६, म्हणून १०.०२ टक्के. चक्रवाढीने वाढलेली रक्कम सरळव्याजाच्या मापाने मोजली की आकडा फुगतो, आणि मुदत जितकी लांब तितका जास्त फुगतो. ५ वर्षांच्या ठेवीला हाच ७ टक्के दर ८.३० दिसतो. दोन्हीचा खरा वार्षिक दर मात्र एकच, तिमाही चक्रवाढ धरून ७.१९ टक्के. दोन बँकांची तुलना करताना हे 'उत्पन्न' बघूच नका, दर विचारा आणि चक्रवाढ तिमाही की वार्षिक ते विचारा.

बरं, आता तुमच्या स्लॅबचं. ७.१९ मधून ३१.२ टक्के गेले की उरतात ४.९४. म्हणजे दामदुप्पट १० वर्षांत होत नाही. ७२ ला दराने भागायची आपली जुनी रीत आहे ना, ती लावा, ७२ भागिले ४.९४ म्हणजे साडेचौदा वर्षं. १० वर्षांनी, दरवर्षीचा टॅक्स त्याच पैशातून गेला असं धरलं तर, तुमचे १ लाखाचे झालेले असतात १ लाख ६२ हजार. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्यच मुळी ४ टक्के आहे, तेवढीच महागाई राहिली तर तुमची खरी कमाई वर्षाला १ टक्क्याच्या जवळपास. तोच कागद ५ टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला ६.८ टक्के देतो, आणि सातारच्या बाईंना तर पूर्ण ७.१९.

त्यामुळे एफडी चांगली की वाईट असं मला कोणी विचारलं की मी आधी स्लॅब विचारतो. तुमच्यासारख्याने घरखर्चाचे ६-८ महिन्यांचे आणि दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे एफडीत जरूर ठेवावेत, १० वर्षांनी लागणारे मात्र ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पीपीएफ ७.१ टक्के देतो आणि त्यावर टॅक्स नाही, तो पूर्ण भरला नसेल तर आधी तो भरा. डेट फंडाचं (कर्जरोख्यांत पैसे गुंतवणारा म्युच्युअल फंड) काही जण सुचवतील, त्यात १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या युनिटवर टॅक्स स्लॅबप्रमाणेच लागतो, फरक इतकाच की तो पैसे काढताना लागतो, दरवर्षी नाही, आणि परताव्याची हमी मात्र नसते.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना दुसरं काही उत्पन्न नाही. त्यांच्या नावे २० लाख १० वर्षांसाठी ठेवायचेत, व्याज शेवटी एकदम मिळणारं. शेवटी मिळणार तर टॅक्स पण शेवटी एकदाच बघू, असं यजमान म्हणतात. (नागपूर)

यजमानांना हे उत्तर वाचून दाखवा.

व्याज शेवटी हातात येतं पण जमा दरवर्षी होतं, आणि बँक टीडीएसचा हिशोब दरवर्षी करते, पैसे हातात आले नसले तरी. कायदा म्हणतो की तुम्ही व्याज जमा होईल तसं दरवर्षी दाखवा किंवा हातात येईल तेव्हा दाखवा, पण एक पद्धत धरली की ती धरून चाला. आता दोन्ही वाटा बघू. ७ टक्क्यांनी पहिल्या वर्षी व्याज जमा होईल सुमारे १ लाख ४४ हजार, वाढत वाढत दहाव्या वर्षी २ लाख ६८ हजार. एकही वर्ष ४ लाखांच्या वर जात नाही, म्हणजे दरवर्षी दाखवलं तर १० वर्षांत मिळून टॅक्स शून्य. आणि शेवटी एकदम दाखवलं तर त्या एका वर्षात उत्पन्न २० लाखांच्या वर! आजच्या नव्या पद्धतीच्या स्लॅबने त्यावर टॅक्स २ लाख आणि सेस ८ हजार, म्हणजे २ लाख ८ हजारांच्या वर. नुसत्या 'शेवटी बघू'चे. स्लॅब १० वर्षांत बदलतीलच, पण एका वर्षात सगळा ढीग ओतला की वरची स्लॅब लागते हे काही बदलायचं नाही.

शिवाय मधल्या वर्षांत कापलेल्या टीडीएसचं त्रांगडं होतं. ज्या वर्षी व्याज दाखवाल त्या वर्षी त्या टीडीएसचं क्रेडिट, म्हणजे १० वर्षांची बँक सर्टिफिकेटं सांभाळत बसा. त्यापेक्षा दर एप्रिलला १५एच द्या आणि जुलैत रिटर्न भरून व्याज दाखवून टाका. उत्पन्न मर्यादेच्या आत असताना रिटर्न बंधनकारक नसतं हे खरं, पण आपण दरवर्षी व्याज दाखवत आलोय याचा लेखी पुरावा तोच. दहाव्या वर्षी कोणी विचारलं की हे २० लाख कुठून आले, तर १० रिटर्न पुढे ठेवायची.

प्रश्न : १५ लाख बायकोच्या नावावर एफडी केले तर टॅक्स वाचतो ना? ती गृहिणी आहे. आमचे एजंट तसंच सांगतात. (ठाणे)

नाही वाचत. बायकोला पैसे दिले त्यावर टॅक्स नाही, पण त्या पैशाचं व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं, याला क्लबिंग म्हणतात. वर्षाला साधारण लाखाच्या वर व्याज होईल, टीडीएस कापला जाईल तिच्या पॅनवर आणि टॅक्स लागेल तुमच्या स्लॅबने, म्हणजे क्रेडिट इकडे वळवायला बँकेला वेगळं डिक्लरेशन द्या वगैरे. थोडीशी पळवाट कायद्याचीच आहे, त्या व्याजावर पुढे मिळणारं व्याज मात्र तिचं स्वतःचं. म्हणजे तिमाहीला येणारं व्याज तिच्या वेगळ्या खात्यात साठवून त्याची वेगळी पावती केली तर त्या दुसऱ्या पावतीचं उत्पन्न तिच्या नावे. पण हिशोब वेगळा ठेवायला हवा, एकात एक कालवलं की काही सिद्ध करता येत नाही.

आई-वडिलांच्या किंवा १८ पूर्ण झालेल्या मुलांच्या नावे दिलेल्या पैशाला क्लबिंग लागत नाही. आईला ६० झाली असतील तर तिला अर्धा टक्का जास्त व्याजही मिळतं. पण पैसे दिले म्हणजे दिले, ते कायद्याने आईचे झाले. उद्या तिच्या मागे त्यात तुमच्या भावा-बहिणींचा पण वाटा असतो, नॉमिनी तुम्ही एकटे असलात तरी. हे मी अशासाठी लिहितोय की आमच्या शाखेत दोन सख्खे भाऊ माझ्या टेबलासमोर अशाच एका पावतीवरून असे बसले होते की मध्ये मी पाण्याचा ग्लास ठेवला तोही कोणी उचलला नाही.

प्रश्न : वय ५४, व्हीआरएस घेतली. व्याज वर्षाला ४ लाख ६० हजार, बाकी काही नाही. १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणतात तर १५जी देऊ का? (नाशिक)

देऊ नका. १५जी (साठीच्या आतल्यांचा 'टीडीएस कापू नका'चा फॉर्म) ला दोन अटी आहेत, एक म्हणजे वर्षाचा टॅक्स शून्य असावा आणि दुसरी म्हणजे व्याज वगैरेची बेरीज मूळ सूटमर्यादेच्या, नव्या पद्धतीत ४ लाखांच्या, आत असावी. तुमची पहिली अट पूर्ण होते, दुसरी नाही. १५एच ला दुसरी अट नाही, म्हणून साठीच्या पुढचा माणूस हाच आकडा असताना फॉर्म देऊ शकतो आणि तुम्ही नाही. खोटं डिक्लरेशन हा गुन्हा आहे, त्यात पडू नका, टीडीएस कापू द्या, रिटर्न भरा, रिफंड घ्या. ६ वर्षं थांबायचंय फक्त.

प्रश्न : ५ वर्षांची टॅक्स सेव्हिंग एफडी करावी का?

(हा प्रश्न ९ जणांनी विचारलाय.) जुन्या पद्धतीत असाल आणि दीड लाखाची मर्यादा पीएफ, विमा, मुलांच्या फीमध्ये भरली नसेल तरच. नव्या पद्धतीत ही सूट नाही. शिवाय ५ वर्षं मोडता येत नाही, तारण ठेवून कर्जही मिळत नाही, आणि व्याज पूर्ण टॅक्सेबल. जॉइंट असेल तर सूट पहिल्या नावालाच.

प्रश्न : मुलगा २०२२ पासून जर्मनीत नोकरीला. जायच्या आधीची त्याची १० लाखांची एफडी इथे तशीच चालू आहे, मी १५जी भरून देतो त्याच्या वतीने. बरोबर आहे ना? (सांगली)

काका, थांबा! तीन गोष्टी एकदम चुकतायत. मुलगा आता एनआरआय, त्याचं इथलं साधं खातं आणि एफडी एनआरओमध्ये (एनआरआयच्या भारतातल्या पैशांचं खातं) बदलून घ्यायला हवी होती. एनआरआयला १५जी चालत नाही. आणि फॉर्मवर सही तुमची की त्याची हे तर मी विचारतच नाही.

एनआरओ एफडीच्या व्याजावर टीडीएस १० नाही, ३० टक्के आणि वर सेस, म्हणजे ३१.२, आणि पहिल्या रुपयापासून, ५० हजारांची मर्यादा वगैरे नाही. त्याचं इथलं एकूण उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून बराचसा परत मिळतो. तिकडून कमावलेले पैसे पाठवून एनआरई (परदेशी कमाईसाठीचं खातं) एफडी केली तर तिच्या व्याजावर भारतात टॅक्स नाही. पण भारतात नाही म्हणजे जर्मनीत नाही असं नव्हे, तिथला रहिवासी म्हणून त्याचं जगभरचं उत्पन्न तिकडे धरलं जातं, ते त्याने तिथल्या कर सल्लागाराला विचारावं. आधी बँकेत एक ईमेल टाकायला सांगा त्याला, स्टेटस बदला म्हणून.

प्रश्न : व्याजदर पडतायत. आत्ताच सगळे पैसे ५ वर्षांसाठी अडकवावेत का? मध्ये लागले तर मोडता येते ना? मी ६३ वर्षांचा, हातात १८ लाख. (औरंगाबाद / छत्रपती संभाजीनगर)

रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) ६.५० वरून ५.२५ वर आणला, सव्वा टक्का, आणि बँकांनी ठेवींचे दर त्यामागोमाग उतरवले. पुढे काय होईल ते मी सांगत नाही, नव्वदच्या दशकात आम्ही १२-१३ टक्क्यांच्या पावत्या फाडायचो तेव्हा पण लोक 'अजून वाढेल' म्हणून ३ महिन्यांसाठी ठेवत होते.

तुमच्या वयाला पहिला पर्याय बँक नाहीच. सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम ८.२ टक्के देते, ५ वर्षं, मर्यादा ३० लाख, व्याज दर तिमाहीला खात्यात. पोस्टात किंवा बऱ्याच बँकांतही खातं उघडता येतं. व्याज टॅक्सेबलच आहे, टीडीएसचे नियम तेच. त्यात १२ लाख घाला, तिमाहीला २४,६०० येतील. उरलेल्या ६ लाखांची एक पावती करू नका. दोन-दोन लाखांच्या तीन करा, एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. दरवर्षी एक सुटते, गरज नसेल तर पुन्हा तीन वर्षांसाठी टाका. आणि दवाखान्याला २ लाख लागले तर दोनचीच मोडते, सहाची नाही.

मोडता येते का? येते, १ कोटीपर्यंतच्या साध्या ठेवीला बँकेने ती सोय द्यावीच लागते (टॅक्स सेव्हिंगची सोडून). पण कशी मोडते ते समजून घ्या. ५ लाख ५ वर्षांसाठी ७ टक्क्यांनी ठेवले आणि वर्षभराने मोडले, तर बँक म्हणते तुम्ही ५ वर्षं कुठे ठेवले, एक वर्षच ठेवले, मग ठेव ठेवली त्या दिवशी एक वर्षाचा जो दर होता, समजा ६.६, तो घ्या, आणि त्यातून दंड १ टक्का वजा, म्हणजे ५.६. जिथे ३५,९०० मिळाले असते तिथे मिळतात २८,६००. ७,३०० चा फटका. आता समजा तुम्हाला २ लाख लागणार आहेत आणि ते ३ महिन्यांसाठीच, तर पावती मोडायची कशाला, पावतीवर कर्ज घ्या. ठेवीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त, धरा ८ टक्के, ३ महिन्यांचे झाले ४ हजार, आणि तेवढ्याच २ लाखांवर तुमची ठेव त्या काळात साडेतीन हजार कमावतच असते. खर्च आला ५०० रुपये. काउंटरवरचा पोरगा हे आपणहून सांगेलच असं नाही, मोडायला आलात की तो मोडून देतो.

पावतीवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो) लिहिलेलं असलं तरी एक गेल्यावर दुसऱ्याला मुदतीआधी मोडायला काही वेळा अडतं, कारण तशी वेगळी संमती दोघांनी ठेव ठेवताना लिहून द्यायची असते. आजच विचारून घ्या, अर्ध्या पानाचा कागद असतो. नॉमिनी १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत देता येतात.

प्रश्न : वडील गेले. बिस्किटाच्या डब्यात ११ पावत्या सापडल्या, काही २००९ च्या. दोनवर छापील 'मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण' असं आहे, बाकीच्यांवर काही नाही. एका बँकेचं नावच आता बदललंय. (रत्नागिरी)

पावत्या जपून ठेवा, लॅमिनेट मात्र करू नका, मागच्या बाजूला सही लागते. ज्या आपोआप रिन्यू झाल्या त्यांचं व्याज वाढत असणार, आणि टीडीएस कापला गेला असेल तर तो वडिलांच्या पॅनवर दिसेल. ज्या रिन्यू झाल्या नाहीत आणि नुसत्या पडून राहिल्या त्यांना मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी बचत खात्याच्या दराएवढंच किंवा त्याहून कमी धरा. १० वर्षं कोणी हात लावला नाही तर ते पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या फंडात वर्ग करते, पण बुडत नाहीत, वारसाने मागितले की बँकेमार्फतच परत मिळतात. असे पैसे शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, तिथे वडिलांचं नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून बघा, डब्यात नसलेली एखादी पण निघेल. नाव बदललेली बँक दुसरीत विलीन झाली असेल तर आत्ताच्या बँकेत जुनी पावती चालते.

वडील गेले त्या दिवसापर्यंतचं व्याज त्यांच्या नावच्या रिटर्नमध्ये दाखवायचं, ते तुम्ही वारस म्हणून पोर्टलवर नोंदणी करून भरायचं, आणि त्यानंतरचं व्याज ज्याला ठेव मिळाली त्याच्या उत्पन्नात. मिळालेल्या मुद्दलावर टॅक्स नाही. मृत्यूच्या दाखल्याच्या ८-१० प्रती काढून ठेवा, ११ पावत्या किती बँकांच्या आहेत ते आधी डबा उघडून मोजा.